चांदणीच्या नावाचं रक्त

खाडी तुफान या कबड्डीच्या टीमची मी नर्स. खेळाडूंची नाही. त्यांना दोन फिजिओ आहेत, एक डॉक्टर आहे, शिवाय प्रत्येकाची आई आहेच. मी गावाची नर्स. मीरा-भाईंदरमधल्या बायकांच्या अंगात रक्त किती आहे ते बघायचं आणि कमी असेल तर वाढवायचं, एवढ्यासाठी टीमने मला घेतलं. कबड्डीतलं मला ओ की ठो कळत नाही, हे मी मुलाखतीतच सांगितलं होतं. मॅनेजर धर्मेशभाई म्हणाले, "वो हम देख लेंगे. तुम्हाला ओरडता येतं ना?" प्रसूतिगृहात सतरा वर्षं काढलेल्या बाईला हा प्रश्न विचारायचा नसतो.

मोहिमेचं नाव 'रक्त बारा'. शहरातून दहा-दहा बायकांचे गट निवडले. सुरुवातीला सगळ्यांचं हिमोग्लोबिन तपासायचं, तीन महिने गोळ्या आणि नीट जेवण, मग पुन्हा तपासायचं. सगळ्या बाराच्या वर गेल्या पाहिजेत. गरोदर असेल तर अकरा चालतील. जो गट पास होईल त्यातल्या बायका घरच्या मैदानावरच्या पहिल्या मॅचला खेळाडूंच्या हातात हात घालून मॅटवर जाणार, टीव्हीवर लाइव्ह.

आणि एक नियम धर्मेशभाईंनी स्वतःच्या डोक्याने घातला. गटातली एक जरी कमी पडली, तर अख्ख्या गटावर लोण, म्हणजे सगळ्याच बाद. "स्पोर्ट्स है ना, रसिकाबेन. थोडं टेन्शन पाहिजे." मला तो नियम आवडला होता. बायका स्वतःसाठी गोळी विसरतात, दुसरीसाठी नाही विसरत, असं मी मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटून सांगितलं होतं. हे लिहून ठेवते, कारण पुढे मी सगळा दोष धर्मेशभाईंवर ढकलला आणि तो सगळा त्यांचा नव्हता.

उत्तनचा गट माझा लाडका. बंदरावर सुकी मासळी करणाऱ्या दहा जणी, काही ख्रिस्ती, काही हिंदू, भांडणात सगळ्या एका जातीच्या. म्होरकी नोरा. तिचा आवाज एवढा खणखणीत की वाऱ्यावरसुद्धा पोचतो. दुसरी द्वारकाबाई, वय अठ्ठेचाळीस, अंगाने काटक. लहानपणी कबड्डी खेळायची आणि अजून कुणी चढाईला आलं की खुर्चीत बसल्या बसल्या तिचा पाय पुढे जातो. आणि सगळ्यांत लहान चांदणी, तेवीस वर्षांची, पाचवा महिना, पहिलटकरीण.

पहिल्या तपासणीत द्वारकाबाईंचं तेरा आलं आणि चांदणीचं सात पॉइंट आठ. मी चांदणीला समोर बसवलं आणि साध्या शब्दांत सांगितलं. "बाळंतपणात रक्त जातं. सगळ्यांचंच जातं. ज्यांच्या अंगात आहे त्यांना सोसतं. तुझ्या अंगात नाहीये. हे वाढलं नाही तर तू टेबलावरून उठणार नाहीस, कळलं?" तिने मान हलवली. मी पुढे सांगितलं की आठव्या महिन्यापर्यंत दहाच्या वर गेली नाही, तर हॉस्पिटलात दाखल करून लोहाचं सलाईन लावायचं. तिच्या नावाने बेडही सांगून ठेवला. मी कामाला पक्की आहे, असा माझा समज होता.

प्रत्येक गटाला टीमने एक खेळाडू दत्तक दिला होता. उत्तनला कॅप्टन मॅक्सवेल, कारण तो तिथलाच, नोराच्या शेजारच्या घरातला. सहा फुटांचा माणूस, पण बंदरावर गेला की सगळ्या त्याला मॅक्सी म्हणून हाका मारायच्या. तो दर रविवारी यायचा, त्यांच्यासोबत शेवग्याचा पाला आणि जवळ्याची चटणी खायचा, गोळीनंतर तासभर चहा प्यायचा नाही हे स्वतः पाळून दाखवायचा. रोज संध्याकाळी सात वाजता तो व्हिडिओ कॉल करायचा. दहा जणींनी गोळी कॅमेऱ्यासमोर धरायची, तोंडात टाकायची, पाणी प्यायचं. "नोरा आंटी डन, द्वारका आंटी डन, चांदणी डन." हा व्हिडिओ टीमच्या पेजवर टाकला तर लोकांनी तो डोक्यावर घेतला. मीसुद्धा तो पाच वेळा पाहिला.

तीन महिने झाले. शेवटच्या तपासणीच्या दिवशी मी भाईंदर पूर्वेला होते. तिथल्या गटातल्या हेमालीने सुई पाहून भोकाड पसरलं होतं आणि तिचा हात धरायला माझ्याशिवाय कुणी तयार नव्हतं. उत्तनला लॅबच्या तीन मुली शाळेच्या हॉलमध्ये तीन टेबलं मांडून बसल्या. त्या काही या बायकांना ओळखत नव्हत्या. चिठ्ठीवर नाव बघायचं, रक्त घ्यायचं, नळीवर नाव चिकटवायचं.

दोन दिवसांनी रिपोर्ट आले. उत्तनच्या दहाच्या दहा पास! चांदणी, तेरा पॉइंट दोन.

आता कुठल्याही नर्सला विचारा, आठव्या महिन्यात रक्त आपोआप थोडं पातळ होतं, चांगल्या खात्यापित्या घरच्या बाईचंही तेरा राहत नाही. आणि सात पॉइंट आठवरून गोळ्यांनी तीन महिन्यांत तेरा? मला हे येत होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं. पण त्या दिवशी मी खूश होते, आणि खूश माणसाला काही येत नाही. मी पेढे आणले. हॉस्पिटलला फोन करून चांदणीचा बेड रद्द केला, वर कागदावर सही करून पाठवला, 'सलाईनची गरज नाही'. मॅक्सवेलला सांगितलं तर त्याने सरावातच एक उडी मारली. मॅच शनिवारी होती.

शनिवारी सकाळी साडेसातला जेसल पार्कात माझ्या दाराची बेल वाजली. दारात द्वारकाबाई. केसांना तेल नाही, पायात कुठल्या तरी दोन वेगवेगळ्या चपला. उत्तनहून पहिली बस धरून आल्या होत्या. मला वाटलं, साडीचं काहीतरी असणार, कारण मॅटवर जायला दहा जणींना टीमने सारख्या साड्या आणि वर ब्लाउज शिवून-बिवून दिले होते आणि ब्लाउजवरून तीन दिवस माझं डोकं खाल्लं होतं.

"ब्लाउज घट्ट होतोय का?" मी विचारलं.

"सिस्टर, चांदणीचं तेरा न्हाय," त्या उभ्या उभ्याच म्हणाल्या. "ते माझं हाय."

मला काही कळेना. मी त्यांना आत घेतलं, पाणी दिलं. त्यांनी ते हातात धरून ठेवलं आणि सगळं सांगितलं.

चांदणीला पहिल्या महिन्यातच गोळ्यांनी उलट्या व्हायला लागल्या. ती गोळी कॅमेऱ्यासमोर तोंडात टाकायची आणि फोन पुढे सरकला की पदरात काढायची. तपासणीच्या आदल्या दिवशी ती रडत रडत नोराकडे गेली. माझ्यामुळे सगळ्या बाद होणार म्हणाली. मग दहा जणी बसल्या आणि त्यांनी तोडगा काढला. द्वारकाबाई पहिल्या टेबलावर स्वतःच्या नावाने बसल्या, डोक्यावर पदर घेऊन दुसऱ्या टेबलावर गटातल्याच, कमी भरायची भीती असलेल्या क्लेअरच्या नावाने, आणि नोराची ओढणी गुंडाळून तिसऱ्या टेबलावर चांदणीच्या नावाने.

"तीनदा सुई टोचून घेतली?"

"तिसरीवरची पोरगी बोल्ली, मावशी तुमची शीर लगेच सापडली."

मी ओरडले. काय ओरडले ते सगळं आठवत नाही, पण शेजारच्या हंसाबेन दार उघडून डोकावल्या एवढं आठवतं. परीक्षेत कॉपी करतात तसं रक्त कॉपी करता? हा काय खेळ आहे? द्वारकाबाईंनी ऐकून घेतलं. मग त्यांनाही राग आला.

"खेळ तुमीच केला, सिस्टर. आमच्यात कोण आजारी पडली तर तिचं काम आमी करतो. तिचे बोंबील आमी टांगतो, तिचा वाटा तिला पोचतो. कोण इचारत न्हाय कोणी टांगले. तिला टेस्ट जमली न्हाय, ती बी आमी केली. माझ्याकडं चांगलं रगत होतं, दिलं तिच्या नावानं. त्यात चोरी वाटली न्हाय मना."

"मग आज का आलात?"

त्यांनी ग्लास खाली ठेवला. "काल बोंबील टांगताना ती खाली बसली ती उठलीच न्हाय. ओठ पांढरे. दम लागला, बोलता येईना. नोरा बोल्ली, उद्या मॅटवर जाऊ दे, मंग सांगू. मी रातभर जागी हाय. ती मॅटवर पडली तर? बाळंतपणात पडली तर? तुमीच बोल्ला होता, टेबलावरून उठणार न्हायस."

ती सही माझी होती. द्वारकाबाईंनी खोट्या नावाने रक्त दिलं, ठीक आहे, पण बेड मी रद्द केला होता. एकदा उत्तनला जाऊन त्या पोरीकडे नुसतं पाहिलं असतं तरी मला कळलं असतं. मी कागद पाहिला आणि पेढे खाल्ले. शरम वाटली, खरीखुरी, कानशिलं तापेपर्यंत.

शरमेला वेळ नव्हता. मी टीमची गाडी मागवली. तिच्या दोन्ही बाजूंना मॅक्सवेलचा सहा फुटी चेहरा आहे, त्यामुळे रस्ता लोक आपोआप देतात. द्वारकाबाईंना पुढे बसवलं आणि अर्ध्या तासात उत्तन गाठलं.

चांदणी घरात साडी नेसत होती. मॅचची साडी. खाटेला धरून एकेक निरी घालत होती आणि प्रत्येक निरीनंतर थांबून श्वास घेत होती. बोटातून थेंब काढून मी तिथल्या तिथे तपासलं. सहा पॉइंट दोन.

"गाडीत बस," मी म्हटलं.

"सिस्टर, आजचा दिवस," ती म्हणाली. "उद्या येते ना. चालायचं तर आहे फक्त. मॅक्सीदादाचा हात धरून चालीन. माझ्यामुळे या सगळ्या..."

"तुझ्यामुळे काही नाही. तू आत्ता गाडीत बसली नाहीस तर मी तुला उचलून बसवीन, आणि माझी पाठ आधीच दुखतेय."

तिला रडू फुटलं. तेवढ्यात नोरा आली, पूर्ण नटलेली, केसात गजरा. तिने माझ्याकडे पाहिलं, चांदणीकडे पाहिलं, द्वारकाबाईंकडे पाहिलं. मला वाटलं आता दोघींची जुंपणार. पण नोरा एवढंच म्हणाली, "बरं झालं गेलीस द्वारके. माझी जीभ न्हाय उचलली." आणि तिने चांदणीला एका बाजूने धरलं.

गाडीतून मी धर्मेशभाईंना फोन लावला. भांडायच्या पूर्ण तयारीत होते.

"रसिकाबेन, दहा साड्या दिल्यात, चॅनलवाले दोन बजे येतायत, आणि आत्ता तुम्ही बोलता उत्तन बाद?"

"बाद. रिपोर्ट खोटे होते. चांदणी सहावर आहे. आणि ऐका, हे त्यांनी केलं कारण आपण तसा नियम केला. एक पडली तर सगळ्या पडणार म्हटल्यावर कोण सांगेल की मी पडतेय? मीसुद्धा मान डोलावली होती, माझंही नाव घाला."

"ती लेडी आत्ता कुठे आहे?"

"माझ्या शेजारी. आम्ही हॉस्पिटलला निघालोय."

"तो फिर फोन पे क्या कर रही हो? जा ना! मॅचचं मी बघतो." आणि त्यांनी फोन ठेवला. भांडणाची तयारी वाया गेली, पण त्या माणसाबद्दलचं माझं मत त्या दिवसापासून बदललं.

हॉस्पिटलात चांदणीला रक्ताच्या दोन पिशव्या लागल्या, हळूहळू, एकेक करून. रक्तपेढीने बदली रक्तदाते मागितले. मागच्या रिक्षांमधून सगळ्या बायका येऊन पोचल्या होत्या, मॅचच्या साड्यांमध्ये, एकसारख्या, गजरे घालून. रक्तपेढीतला माणूस गोंधळून म्हणाला, "कुणाचं लग्न आहे का?" त्याने एकेकीचं बोट टोचलं. या वेळी टेबल एकच होतं आणि मी शेजारी उभी होते. क्लेअर दहावर निघाली, तिला मी तिथेच झापलं. दाता म्हणून नियमात दोघीच बसल्या, नोरा आणि द्वारकाबाई. द्वारकाबाई खाटेवर आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "घ्या. आता नाव माझंच लिवा."

त्या संध्याकाळी मॅटवर भाईंदर पूर्वेचा पास झालेला गट गेला. हेमाली टीव्हीवर इतकी हसली की तिला पाहून कुणी म्हणणार नाही हिने सुईसाठी भोकाड पसरलं होतं. उत्तनच्या नावाने धर्मेशभाईंनी माइकवरून एवढंच सांगितलं, की एका बाईची तब्येत आमच्या मॅचपेक्षा मोठी आहे म्हणून तो गट आज हॉस्पिटलात आहे. मॅच आम्ही चार गुणांनी जिंकली.

दुसऱ्या दिवशी मॅक्सवेल वॉर्डात आला. खांद्याला पट्टी, तोंड पडलेलं. "मी रोज बघत होतो," तो चांदणीला म्हणाला. "डन डन करत होतो. तू उलटी होते असं बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंच नाही कधी," चांदणी म्हणाली. "गोळी घेतली का एवढंच विचारायचात."

त्यानंतरच्या सीझनला खेळाडूंच्या कॉलमध्ये पहिला प्रश्न बदलला, 'आज कसं वाटतंय?' लोणाचा नियमही गेला. आता जी बाई जिथून सुरू करते तिथून वर चढली की तिचा गुण. टीमच्या लोकांना हे पटवायला मला एक मीटिंग लागली, आणि त्या मीटिंगमध्ये टेबलावर हात मी नाही, धर्मेशभाईंनी आपटला.

चांदणीला महिनाभर सलाईनं लागली. दर खेपेला मी बरोबर जायचे आणि दर खेपेला आधी तिच्या तोंडाकडे बघायचे, मग कागदाकडे. कळा सुरू झाल्या तेव्हा ती दहा पॉइंट एकवर होती.

बाळंतपण दुपारी झालं. आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो, मी, द्वारकाबाई आणि चांदणीचा नवरा केतन. आतून बाळाचा आवाज आला आणि केतन उभा राहिला. पण दार उघडेना. एक नर्स पळत बाहेर आली आणि पळत आत गेली. सतरा वर्षं मी त्या दाराच्या आतल्या बाजूला होते, तसं पळणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. मी केतनला काही सांगितलं नाही. पाऊण तास मी बाकाची कड धरून बसले आणि मनात फक्त एक आकडा मोजत होते, दहा पॉइंट एक, दहा पॉइंट एक.

शेवटी डॉक्टर बाहेर आल्या, क्षितिजा मॅडम, तिशीच्या, घामाने डबडबलेल्या. मुलगी झाली, दोघी ठीक आहेत, म्हणाल्या. केतन आत धावला. मग त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "गर्भपिशवी आकसत नव्हती, खूप रक्त गेलं. महिन्यापूर्वीच्या रक्तावर आली असती ना सिस्टर, तर मला तिला वाचवता आलं नसतं."

मी बाकावर परत येऊन बसले.

"काय बोल्ली डॉक्टर?" द्वारकाबाईंनी विचारलं.

मी सांगितलं. काहीही न वगळता सांगितलं.

द्वारकाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "मंग त्या दिवशी मी बस धरली नसती तर?"

त्यांना उगाच बरं वाटावं असं काही बोलायचा विचार माझ्या मनात आला, आणि मी तो टाकून दिला. त्या बाईने मला खरं सांगितलं होतं.

"तर तुमच्या तेराने आणि माझ्या सहीने मिळून तिला मारलं असतं, द्वारकाबाई."

त्यांनी मान हलवली. डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही. माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि दोन्ही हातांनी घट्ट धरला. आत नवजात पोरीने पुन्हा सूर लावला, चांगला मोठा, आणि द्वारकाबाई तशाच रडत रडत म्हणाल्या, "दम हाय बग तिच्यात."